बूनने न घेतलेला झेल

आयुष्यात मी पगार घेऊन उकिडवा बसलो तो एकूण अकरा महिने. त्याआधी पंधरा वर्षं फुकट बसलो, आणि त्यानंतर गुडघ्यांनी बसू दिलं नाही. पण त्या अकरा महिन्यांत सिंगापुरात माझ्या बसण्याला नोकरी म्हणत. बसण्याचा गणवेश होता, बसण्याची हजेरी होती, आणि मी नीट बसलो नाही तर लोक भर मैदानात माझ्या नावाने बोंबलत. बेसबॉलच्या भाषेत ह्या बसणाऱ्या माणसाला कॅचर म्हणतात.

दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहायचे ठरले, तेव्हा अनघा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "फेरीच्या ऑफिसबद्दल लिही. तिथं तू निदान सहा वर्षं टिकलायस."

तिचं बरोबर आहे. हार्बरफ्रंटहून बाटामला बोटी सुटतात, तिथल्या काउंटरवर मी शिफ्टचा प्रमुख आहे. पण बोट चुकलेल्या एका माणसाचा चेहरा पाहिला की सगळ्यांचे पाहून होतात. उकिडव्या नोकरीचं तसं नव्हतं. शिवाय त्या नोकरीतली एक गोष्ट एका माणसाला सांगायची माझ्याकडून राहून गेली होती. ती ह्या वर्षी त्याला सांगून आलो. आता तुम्हाला सांगायला हरकत नाही.

आधी धंदा समजून घ्या. बेसबॉलमध्ये बोलरला पिचर म्हणतात. तो चेंडू टप्पा न पाडता, सरळ अंगावर आल्यासारखा फेकतो. बॅटवाला तो हाणायला बघतो. बॅटवाल्याच्या पाठीमागे, त्याची बॅट जिथून फिरते तिथून हातभर अंतरावर, कॅचर उकिडवा बसतो. विकेटकीपरसारखाच की, असं पुष्कळ जण म्हणतात. विकेटकीपरच्या पुढे तीन स्टंपा असतात, त्याला मागे सरकता येतं, आणि त्याच्याकडे चेंडू आला नाही तर तो कंटाळू शकतो. कॅचरकडे प्रत्येक चेंडू येतो. तोंडाला लोखंडी जाळी, छातीला ढाल, नडग्यांना पत्रे, डाव्या हातात उशीएवढा ग्लव्ह आणि उजवा हात उघडा. तो उघडा हात पाठीमागे लपवायचा असतो. मी कधीमधी विसरायचो. माझ्या उजव्या हाताची तीन बोटं आज ज्या दिशांना पाहतात, त्यावरून किती वेळा विसरलो ते मोजता येईल.

आणखी एक. मैदानात आठ जण बॅटवाल्याकडे तोंड करून उभे असतात. सगळ्या मैदानाकडे तोंड करून बसलेला एकटा कॅचर. म्हणून कोण कुठं उभा आहे, कोण कोणावर आदळणार आहे, हे त्यालाच दिसतं. चेंडू सरळ आकाशात उडाला की बाकीच्यांची तोंडं वर. अशा वेळी कोणी झेल घ्यायचा हे कॅचरने ओरडून सांगायचं. ज्याने घ्यायचा त्याचं नाव, मोठ्याने, एकदाच. बसण्याखालोखाल हे त्याचं मुख्य काम. ह्या वाक्याखाली रेघ मारून ठेवा.

आता मी तिथं पोचलो कसा. मी अमरावतीचा. आमच्या विदर्भात सॉफ्टबॉल, म्हणजे बेसबॉलचा धाकटा भाऊ, गल्लोगल्ली नसला तरी कॉलेजाकॉलेजात खेळतात. मी विद्यापीठाचा कॅचर होतो, पुढे पुण्यात एका शाळेत पीटीचा मास्तर झालो. अनघाला सिंगापुरात मोठी नोकरी लागली, तिच्यामागोमाग मी आणि दोन वर्षांची सई. अनघाच्या कार्डावर एम्प्लॉयमेंट पास, माझ्या आणि सईच्या कार्डावर डिपेंडंट. सई त्या कार्डाशी खेळायची. मला ते खिशात टोचायचं.

एका शनिवारी सेरंगूनच्या बाजारातून दुधी आणि कोथिंबीर घेऊन मैदानाच्या कडेने घरी चाललो होतो. आत काही जण सराव करत होते. एक चेंडू जाळीवरून उडाला तो नेमका माझ्या दिशेने. मी दुधी टाकला आणि चेंडू घेतला. दुधी फुटला. जाळीपलीकडून एक उंच, काटकुळा चिनी माणूस धावत आला.

"अंकल, तुम्ही खेळता?"

मी चौतिशीत होतो. अंकल ऐकून वाईट वाटलं, पण 'खेळता' ऐकून इतकं बरं वाटलं की हिशेब फिटला.

तो रेमंड. आमचा पिचर आणि कप्तान. एका शाळेतली भौतिकशास्त्र शिकवण्याची नोकरी सोडून तो ह्या टीमसाठी पगारावर आला होता. (सिंगापूरकरांचं इंग्रजी इथं मराठीत देतो आहे. त्यातला वाक्याच्या शेपटीचा 'लाह' मात्र काढत नाही. तो काढला तर माणूसच निघून जातो.) झालं होतं असं, की चार धंदेवाल्यांच्या डोक्यात पगारी बेसबॉल काढायचं आलं होतं. चौघांच्या चार टीम. आमच्या टीमचा मालक प्लास्टिकच्या बादल्या बनवायचा. सगळे त्याला टॉके म्हणत, तिकडे शेठला तसंच म्हणतात. टॉकेला बेसबॉलमधलं काही कळत नव्हतं. पहिल्या दिवशी त्याने माझ्याकडे बोट दाखवून रेमंडला विचारलं, "हा का बसलाय? दमला?"

माझ्या कामाच्या परवानगीचे कागद टॉकेनेच काढून दिले. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म वाचला. "कॅचर? काय पकडता तुम्ही? कुत्री?" मी म्हटलं, "नाही मॅडम, चेंडू." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि शिक्का मारला. कुत्री म्हटलं असतं तर लवकर मारला असता.

अमरावतीला आईला फोन केला.

"काय करून रायला बापू तिथं?"

"नोकरी लागली आई. बेसबॉलची. मागे बसाचं असते."

"बसाचे पैसे भेटते? बरं हाय बापा. जपून बस."

टीममध्ये प्रमोद म्हणणं कोणालाच जमेना, म्हणून माझं 'प्रो' झालं. समोरच्या टीमला वाटे, हा कोणी मोठा प्रोफेशनल आणलेला दिसतो. हा गैरसमज पहिला डाव होईपर्यंत टिकला.

पहिल्याच सामन्यात मी टीमला बुडवायला निघालो होतो. कोणता चेंडू टाकायचा हे कॅचर पिचरला मांड्यांच्या मध्ये बोटं दाखवून सांगतो. एक बोट म्हणजे जोरात, दोन म्हणजे वळवून, तीन म्हणजे फसवा हळू. शत्रूचा माणूस दुसऱ्या बेसवर, म्हणजे पिचरच्या पाठीमागच्या थांब्यावर, उभा असला की त्यालाही ही बोटं दिसतात, म्हणून तेव्हा खुणा बदलायच्या: दोनदा बोटं दाखवायची आणि दोन्हींची बेरीज धरायची. आता मी बेरीज कशी करतो? तुम्ही करता तशीच. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकवत. घाबरलो होतो, आणि अंगठा आपोआप चालू लागला. तिथं रेमंडला दिसलं एवढंच, की कॅचर मांड्यांच्या मध्ये हात धरून एकामागून एक बारा खुणा करतो आहे. त्याने खेळ थांबवला आणि चालत माझ्यापाशी आला. तोंडापुढे ग्लव्ह धरून म्हणाला,

"प्रो, काय करतोयस? प्रार्थना?"

"बेरीज."

"दोन आणि एक?"

"हो."

"शाळेतली माझी पोरं हे मनात करतात, लाह."

नंतर बोटं दिसत नाहीत ही तक्रार आली. सावलीत रेमंडला माझी बोटं ओळखू येईनात. "तुझी बोटं जरा..." म्हणून तो थांबला आणि लाल झाला. मी म्हटलं, "काळी आहेत. आईही म्हणते." ह्यावर कॅचर लोकांचा जुना उपाय आहे, नखांना रंग लावायचा. अनघाची नेलपॉलिशची बाटली घेतली. उजव्या हाताची पाच नखं फिकट गुलाबी. काम फत्ते. पण सामना संपवून तसाच एका मित्राच्या कॉन्डोवर सत्यनारायणाला गेलो. प्रसादाला हात पुढे केला, तर पुण्याहून आलेल्या त्याच्या सासूबाईंनी पळी तशीच धरून ठेवली.

"अनघा, ह्यांचा एकच हात का गं? नवस आहे का काही?"

"नोकरी आहे, काकू," अनघा म्हणाली. काकूंनी मला दोन वेळा प्रसाद दिला.

अशा नोकरीत मला जितकं सांभाळून घेतलं, तितकं कुठल्याच नोकरीत कोणी घेतलं नाही. सर्वांत जास्त बूनने. बून म्हणजे आमचा तिसऱ्या बेसवरचा खेळाडू, माझ्या डाव्या हाताला उभा असायचा. बुटका, गोल, आठवडाभर लोकांचे एअरकंडिशनर दुरुस्त करायचा आणि उरलेला सगळा वेळ बडबड. त्याच्या बडबडीत इंग्रजी, मलाय आणि त्यांची घरची होक्किएन भाषा अशी मिसळलेली असे, की मला निम्मीअर्धी कळायची. मी चेंडू चुकवला की तो ओरडायचा, "नेव्हर माइंड, प्रो! चेंडू वाईट होता!" चेंडू कधीच वाईट नसायचा.

बून आणि रेमंड सात वर्षांचे असल्यापासून एका बाकावरचे. रेमंडने शाळा सोडावी म्हणून त्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोला पटवलं ते बूनने. दोघं सरावानंतर हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, एकाच प्लेटमधून खायचे, आणि शेवटचा घास कोणी घ्यायचा ह्यावर भांडायचे. मी समोर माझा शाकाहारी भात घेऊन बसायचो. परदेशात एकटं वाटतं असं म्हणतात. मला त्या टेबलावर कधी वाटलं नाही.

मोसमाच्या शेवटी टॉकेने साफ सांगितलं. "फायनलला गेलात तर पुढच्या वर्षी टीम कॅन. नाही गेलात, तर नो कॅन." बादल्यांचा धंदा मंदावला होता. फायनलला जायला एक सामना जिंकायचा होता. दुपारी तीनचा सामना. टॉके सहकुटुंब आला होता, बसायला स्वतःच्या कारखान्यातल्या उलट्या बादल्या घेऊन.

शेवटचा डाव. आम्ही एका रनने पुढे. समोरच्यांचे दोन आऊट, तिसरा झाला की सामना आमचा. त्यांची दोन माणसं बेसवर पळायच्या तयारीत. रेमंडच्या खांद्यात तिसऱ्या डावापासून कळ होती, ते फक्त मला आणि बूनला माहीत होतं. मी दोन बोटं दाखवली. रेमंडने चेंडू वळवून टाकला. बॅटवाल्याने हाणला तो खालून, आणि चेंडू सरळ आकाशात गेला. उंच. तिसऱ्या बेसच्या अंगाला. बूनचाच झेल. त्याने असे शंभर घेतले असतील.

चेंडू वर उडाला की कॅचरने तोंडावरची जाळी काढायची, पण फेकायची नाही. हातात धरायची, चेंडू कुठं आहे ते बघायचं, मग चेंडूच्या उलट्या बाजूला दूर टाकायची. ही धंद्यातली पहिलीच शिकवण. पुण्यात मी शाळेतल्या पोरांना ती ओरडून ओरडून शिकवली आहे. मी जाळी काढली आणि पायाशी टाकली. एक पाऊल पुढे टाकलं ते नेमकं जाळीत. पाय अडकला. तोंड वर, एक पाय लोखंडात, तोल गेला. त्या क्षणी मला एकच शब्द ओरडायचा होता, "बून!" आणि माझ्या तोंडून, अमरावतीत ठेच लागली की जे निघतं ते निघालं. पूर्ण ताकदीने.

"माय वं!"

बून थांबला. हात वर, तसाच, जागच्या जागी थांबला. चेंडू त्याच्या पुढे दोन पावलांवर, माझ्या पुढे चार पावलांवर, हिरवळीवर पडला. मऊ आवाज आला. त्यांची दोन्ही माणसं पळत होमवर, म्हणजे रन पूर्ण होतो तिथं, आली. आम्ही हरलो.

सगळ्यांची तोंडं वर होती, त्यामुळे माझा पाय कोणी पाहिला नाही. मी जाळी गुपचूप सोडवली.

बाकावर आल्यावर रेमंड बूनसमोर उभा राहिला. आवाज चढवला नाही. "का थांबलास?"

"कोणीतरी ओरडलं," बून म्हणाला. "नको म्हणालं. मी ऐकलं, लाह. स्पष्ट. नको!"

"कोण?"

"माहीत नाही. सगळे वर बघत होतो."

रेमंडने एकेकाला विचारलं. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवरचे दोघं, बेसांच्या मधला शॉर्टस्टॉप, लांब उभे असलेले तिघं. कोणी नको म्हटलं नव्हतं, आणि गोंगाटात कोणाला काही नीट ऐकूही आलं नव्हतं. मग माझ्याकडे वळला.

"प्रो, नाव तू पुकारायचं होतंस. कोणाचं पुकारलंस?"

मी नको म्हटलं नव्हतं, ह्याची मला शंभर टक्के खात्री होती. तेवढंच म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण मी पुकारायचं विसरलो, स्वतःच्या जाळीत पाय घातला, हे सांगायची लाज वाटली. अकरा महिन्यांत ह्या लोकांनी माझी बेरीज सहन केली होती, नखं सहन केली होती. म्हटलं, हे एक नको.

"बूनचं," मी म्हणालो. "मी बून म्हणून ओरडलो."

बूनने माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. दुसऱ्याच विषयाचा पेपर हातात आल्यावर पोर बघतं तसं होतं ते बघणं. मग रेमंडकडे पाहिलं. रेमंड खाली बघून बुटांच्या नाड्या सोडत होता. "तुझं नाव घेतलं होतं," तो बुटांना म्हणाला, "आणि तू सोडलास." त्यानंतर तो बूनशी बोलला नाही. त्या दिवशी नाही, त्या महिन्यात नाही, पुढची सहा वर्षं नाही.

टॉके येऊन सगळ्यांशी हात मिळवून गेला. "फिनिश आलरेडी," म्हणाला, आणि प्रत्येकाला एकेक बादली दिली. माझी निळी होती.

टीम मोडली. रेमंडला जुनी शाळा मिळाली नाही, दुसऱ्या एका शाळेत लागला. मी बोटींच्या काउंटरवर आलो. रविवारी पोरांच्या सामन्यांत अंपायर म्हणून उभा राहतो. अंपायर कॅचरच्या मागे उभा असतो, म्हणजे माझी बढती झाली म्हणायची. रेमंड तिथं कधी भेटे. आम्ही पोरांबद्दल बोलायचो, खांद्याबद्दल बोलायचो. बूनचं नाव काढलं की तो घड्याळ बघायचा. बूनने काकांचं पुलाउ उबीन बेटावरचं सायकली भाड्याने द्यायचं दुकान घेतल्याचं मला तिसऱ्याकडून कळलं. माझ्याच्याने जाववलं नाही. एक झेल, एक खोटं, आणि एका बाकावरचे दोन मित्र. मी स्वतःला समजवायचो, की पुकारलं नाही ही माझी चूक, पण ते 'नको' तर बूनच्याच कानात उगवलं ना. एवढ्या आधारावर माणूस सहा वर्षं काढू शकतो.

ह्या वर्षी एक दिवस जेवताना अनघाने सईला भेंडी वाढली. सई आता नऊ वर्षांची. तिने ताटावर आडवा हात धरला.

"माय! माय, लाह!"

"आईला हाक मारतेस की भेंडीला?" मी म्हटलं.

"नो, बाबा. माय म्हणजे डोन्ट वॉन्ट. नको. आमचे बस-अंकल सारखे म्हणतात. होक्किएन आहे ते."

मी म्हटलं, "परत म्हण."

"माय!"

जेवण झाल्यावर मी अनघाला सगळं सांगितलं. तोवर तिलाही खोटंच सांगितलेलं होतं. ती आधी हसली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अरे, म्हणजे तू वऱ्हाडीत आईला हाक मारलीस आणि त्याने..." आणि मग ती हसायची थांबली.

"प्रमोद, त्या माणसाला सहा वर्षं वाटत असेल की त्याला भास झाला."

पुढच्या रविवारी मी चांगीच्या धक्क्यावर गेलो. उबीनची बोट लहान असते, बारा माणसं भरली की सुटते. मी अकरावा होतो. बारावा येऊच नये असं वाटत होतं. एक जोडपं आलं.

दुकान सापडायला वेळ लागला नाही. पत्र्याखाली सायकलींची रांग, आणि पुढे एका स्टुलावर बून, पूर्वीहून गोल, मांडीवर ट्यूब घेऊन पंक्चर काढत होता.

"प्रो! जाडा झालास, लाह!"

"तूही."

"मी आधीपासून होतो."

त्याने दुसरं स्टूल सरकवलं. बोटीत मी चार-पाच सुरुवाती तयार करून ठेवल्या होत्या. त्यातली एकही आली नाही. मी सरळ सांगितलं. जाळी, पाय, मी तुझं नाव पुकारलंच नव्हतं, रेमंडशी खोटं बोललो. आणि जे ओरडलो त्याचा आमच्याकडे अर्थ आई असा होतो.

बूनने ट्यूब खाली ठेवली. "काय ओरडलास? ओरड."

"इथं?"

"इथंच. तेव्हासारखं."

मी ओरडलो. सायकली बघत असलेलं एक कुटुंब दोन पावलं मागे सरकलं. बून मान कलती करून, डोळे मिटून ऐकत होता.

"हेच," तो म्हणाला. "हेच होतं." ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघत बसला. "आवाज तुझ्या बाजूने आला होता. मला वाटलंही होतं. पण तुला होक्किएन कुठं येतं? म्हटलं, आपलेच कान गेले. दोनदा डॉक्टरला दाखवले."

मी माफ कर म्हणालो. ते शब्द त्या स्टुलावर फार लहान वाटले.

"एक सांगू?" बून ट्यूबकडेच बघत म्हणाला. "चेंडू मला दिसतच नव्हता. ऊन डोळ्यांत. वर गेला तेव्हाच हरवला. मी हात वर करून उभा होतो आणि म्हणत होतो, कोणीतरी घ्या, कोणीतरी घ्या. तेवढ्यात 'माय' ऐकलं. प्रो, मला इतकं बरं वाटलं!"

"मग ऊन होतं असं का नाही सांगितलंस?"

"काळा चष्मा होता माझ्याकडे. टोपीवर चढवून ठेवला होता. टॉकेची मुलगी बघत होती ना. डोळ्यांवर घ्यायचा राहिला."

आम्ही दोघं त्या ट्यूबकडे बघत बसलो. बुडबुडे एका जागेहून येत होते.

"रेमंडला फोन लाव," बून म्हणाला.

"मी?"

"मी लावला तर उचलणार नाही."

मी लावला, स्पीकरवर. आणि परत सगळं सांगितलं: जाळी, पाय, खोटं, आई. मग पलीकडून होक्किएनमध्ये एक लांबलचक वाक्य आलं. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही आणि अर्थ पूर्ण कळला. बून खाली मान घालून ऐकत होता, त्याचे कान लाल झाले होते.

रेमंडचं संपलं. श्वास ऐकू आला.

"तो कुठंय?"

"इथंच. शेजारी."

मग त्या भौतिकशास्त्राच्या मास्तरच्या आवाजात, माझ्यातर्फे: "त्याला विचार, जेवला का."

बूनने आडवी मान हलवली.

"नाही जेवला," मी सांगितलं.

"थांबायला सांग. मी येतो." फोन बंद झाला.

बूनने हात पुसले, तोंड पुसलं, उठून दुकानाबाहेरची रांगेतली एक सायकल सरळ केली, जी सरळच होती. मी विचारलं, "आणि ते उन्हाचं? ते रेमंडला कधी सांगतोस?"

बूनने माझ्याकडे वळून पाहिलं. चेहरा अगदी निरागस.

"कसलं ऊन?"

तेव्हापासून सिंगापुरात तो झेल माझ्यामुळे पडला, एकट्या माझ्यामुळे. रेमंड हे नव्या माणसाला माझी ओळख करून देतानाच सांगतो, आणि बून शेजारी बसून दुःखाने मान हलवतो. माझी काही तक्रार नाही. दोघंही मराठी वाचत नाहीत म्हणून इथं लिहिलं. तुमच्यापैकी कोणी सुट्टीत उबीनला गेलंच, तर सायकल बूनच्याच दुकानातून घ्या, प्रोने पाठवलं म्हणून सांगा, आणि उन्हाचा विषय काढू नका.